थोरलीचा चेहरा

शैलाबाईंच्या चेहऱ्याकडे उभ्या आयुष्यात कुणी डोळे भरून पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं, तेव्हा त्यांच्या जिवाची नुसती लाही लाही झाली.

मिरजेच्या पोस्टात त्या काउंटरवर बसत. काचेच्या खिडकीतून माणसं पाकिटं आत सरकवायची, वजनकाट्याकडे बघायची, पावती घ्यायची आणि जायची. चुकून एखाद्याची नजर वर आलीच, तर डाव्या भुवईपासून गालावर उतरलेल्या पांढऱ्या डागापाशी अडखळायची आणि घाईघाईनं पुन्हा काट्यावर जायची. कोड. दुखत नाही, खुपत नाही, हाताला लागत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. पण ऐन विशीत आलेल्या त्या डागापायी पाहायला आलेली माणसं पोह्यांची बशी अर्धी टाकून उठायची. पुढे आईनं पोहे करणं सोडलं आणि शैलाबाईंनी आशा.

निवृत्तीनंतर एका मैत्रिणीनं त्यांना ओढत सांगलीच्या ज्येष्ठांच्या वधूवर मेळाव्याला नेलं. साल होतं दोन हजार एक्केचाळीस. तोवर गल्लीगल्लीत दप्तरांपेक्षा काठ्या जास्त दिसू लागल्या होत्या, आणि असले मेळावे जत्रेसारखे भरत. तिथे त्यांच्या समोर येऊन बसले शशिकांत मगदूम. एसटीच्या वर्कशॉपातले निवृत्त फोरमन, विधुर, मुलगी पुण्यात. शैलाबाईंनी आधीच सांगून टाकलं, "माझ्या तोंडावर कोड आहे. मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगते."

शशिकांतरावांनी मान थोडी तिरकी केली. "मला तुमचं तोंडच दिसत न्हाई," ते म्हणाले. "कान दिसतोय. कान बरा हाय."

शैलाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की शेजारच्या टेबलावरच्या दोन आजी वळून बघायला लागल्या.

शशिकांतरावांचा आजार वयाचा होता. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मध्यभागी मोहरीएवढी एक जागा असते, पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक कामं त्या एवढ्याशा जागेची. उतारवयात काहींची ती जागा झिजते. मग कडेकडेचं जग शाबूत राहतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच धुक्यात जातं. शशिकांतराव न धडपडता बाजारात जात, येणारी रिक्षा त्यांना दिसे, रिक्षावाल्याला मात्र तोंड नसे. शैलाबाईंची साडी त्यांना दिसायची, चाल ओळखू यायची, आणि मानेच्या वर करड्या धुक्याचा एक गोळा. त्या धुक्याचं शैलाबाईंना काही वाईट वाटलं नाही. उलट धुक्यात डाग नसतो, या विचारानं त्यांनी होकार दिला.

लग्न साधंच झालं. नणंद मात्र एक टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, घेऊन आली. बिजवराच्या घरी आलेल्या बाईनं थोरलीचा, म्हणजे वारलेल्या पहिलीचा, चांदीचा टाक गळ्यात बांधायचा अशी जुनी रीत होती. गळ्यात बांधायला शैलाबाईंनी साफ नकार दिला. पण टाक देवघरात ठेवला, आणि सणासुदीला पहिलं हळदीकुंकू त्याला लावायचं कबूल केलं. पहिला मान थोरलीचा. थोरलीचं नाव रजनी. बैठकीच्या खोलीत तिचा हार घातलेला फोटो होता. गोरीपान, भरल्या गालांची, आणि हसताना उजव्या गालावर खळी. शैलाबाई रोज त्या फोटोवरची धूळ पुसत. पुसता पुसता दोन शब्द सुनावतही. शशिकांतराव अधूनमधून म्हणत, "रजनी असती तर असं केलं असतं." मग त्या फोटोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटत, "मेलेल्या म्हशीला मणभर दूध!"

इथवर हा मत्सर घरगुती होता. चहात साखर असावी इतपत.

मग काही वर्षांनी मिरजेच्या नेत्रसंशोधन केंद्रात नव्या उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या आणि शशिकांतरावांची निवड झाली. डॉक्टर समीना मुजावर या तिथल्या प्रमुख. बोलायला स्पष्ट, माणसाला समजेपर्यंत समजावणाऱ्या. डोळ्याच्या पडद्याखाली कागदापेक्षा पातळ अशी एक चकती बसवायची, आणि चष्म्यातला छोटा कॅमेरा समोरचं दृश्य न दिसणाऱ्या प्रकाशानं त्या चकतीवर पाठवणार. चकती ते मेंदूला सांगणार.

"पण ही चकती काही पूर्ण चित्र देत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती नुसते ठिपके देते. तुम्ही रांगोळी काढता ना, शैलाताई? ठिपके घातले की पुढच्या रेषा कोण काढतं? हात. कारण रांगोळी हाताला माहीत असते. तसंच हे. ठिपके आम्ही देतो, रेषा मेंदू जोडतो. जो चेहरा त्याच्या ओळखीचा असेल त्याच्या रेषा. रिकामी जागा मेंदूला सहनच होत नाही. त्याची तीच खोड आम्ही कामाला लावली आहे."

"म्हंजे बॉडी नवी आन् स्पेअर पार्ट जुन्या गाडीचं," शशिकांतराव म्हणाले.

"अगदी तसंच. म्हणून सराव आधी एका चेहऱ्यावर करायचा. त्याला आम्ही पायाचा चेहरा म्हणतो. घरच्या कुणाचाही फोटो चालेल. नजर चांगली असताना पाहिलेला असला तर काम लवकर होतं, इतकंच. कुणाचा लावू या?"

शशिकांतरावांनी शैलाबाईंच्या दिशेनं मान वळवली. बोलल्या शैलाबाई. चुकतमाकत नाही, तोंड वर करून, खोलीतल्या नर्सना आणि दाराबाहेरच्या बाकावरच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा बेतानं. "रजनीताईंचा लावा. पहिला मान थोरलीचा."

"केवढं मोठं मन हो तुमचं!" बाकावरची एक बाई म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर शैलाबाई तरंगत घरी आल्या. हार काढून फोटो त्यांनी स्वतः केंद्रात नेऊन दिला. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना माणसाला इतकं छान वाटत असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

शस्त्रक्रिया झाली. केंद्रातला सराव झाला. मग घरचा सराव सुरू झाला, आणि त्याचा नियम असा, की रोज संध्याकाळी घरच्या एकाच माणसानं चष्म्यासमोर बसायचं आणि पेशंटनं निवांतपणे त्याच्याकडे बघत राहायचं. शैलाबाई खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. पहिल्या संध्याकाळी शशिकांतरावांना ठिपकेच दिसले. नंतर कपाळ, नंतर भुवयांची कमान. आणि एका संध्याकाळी ते बघता बघता थांबले. त्यांचा खालचा ओठ थरथरला. त्यांनी हात पुढे केला आणि शैलाबाईंच्या हनुवटीला लावला.

"दिसलं?" शैलाबाईंनी विचारलं. डागाबद्दल काय म्हणतील?

"दिसलं," ते म्हणाले. डोळे भरले होते. डागाबद्दल एक अक्षर नाही.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गत झाली. शशिकांतराव पालटले. सरावाची वेळ झाली की आधीच खुर्ची मांडून बसायला लागले. बाजारातून गजरा आणायला लागले. शैलाबाई भाजी निवडत असल्या की समोर येऊन बसायचे, गालावर हात टेकून, टक लावून. साठी ओलांडलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी असं बघत होतं. न अडखळता, डागाला वळसा न घालता. शैलाबाईंनी मोरपंखी साडी घेतली. आरशासमोर त्यांचा वेळ जायला लागला. इतकी वर्षं ज्या आरशाकडे त्या केस विंचरण्यापुरतं बघत, त्यात त्यांना आता एक बरी दिसणारी बाई दिसू लागली होती. कोड असलेली, पण बरी. ते सुख खोटं होतं, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तोवर ते खरंच होतं.

मग एक दिवस त्या कशावरून तरी हसल्या आणि शशिकांतराव लाडात येऊन म्हणाले, "ही खळी बघितली की माझं काम तमाम."

शैलाबाईंचं हसू तिथंच राहिलं.

"कसली खळी?"

"आं? खळी म्हंजे... गालाला पडती ती. कुठं काय. चहा टाक की."

त्या आत गेल्या. आरशासमोर हसून बघितलं. एकदा, दोनदा, ओठ फाकवून, गाल ओढून. खळी नव्हती. जन्मात कधी नव्हती. मग त्या बैठकीच्या खोलीत आल्या आणि केंद्रातून परत येऊन पुन्हा हारात बसलेल्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. रजनी उजव्या गालानं हसत होती.

दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून बाहेर पडल्या त्या थेट केंद्रात गेल्या. अजूनही त्यांना वाटत होतं, की बिचाऱ्याला कळत नसेल. यंत्राची चूक असेल. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "पायाचा चेहरा ज्याच्यासमोर सराव करावा त्याच्यावर बसतो. बाकीच्या सगळ्या पेशंटमध्ये ही दोन्ही माणसं एकच होती. बायकोचा फोटो, समोर तीच बायको. तुमच्यासारखं लग्न आमच्या हिशेबातच नव्हतं. तुमचा चेहरा मगदूमकाकांनी नजर चांगली असताना कधी पाहिलाच नाही. त्यामुळे तुमचे ठिपके, आणि रेषा रजनीताईंच्या."

"पण त्यांना कळत कसं नाही?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. "शैलाताई, जिच्याबरोबर एवढा संसार केला तिचा चेहरा माणूस ओळखणार नाही? पहिल्या क्षणी ओळखला असेल. दर तपासणीला आम्ही विचारतो, समोर कोण दिसतंय. ते दर वेळी म्हणतात, बायको."

शैलाबाईंच्या अंगातून गरम वाफ निघून गेली. म्हणजे तो गजरा. ती खुर्ची. तो गालावर टेकलेला हात. हे सगळं त्यांच्या देखत, त्यांच्याच तोंडावर, दुसऱ्या बाईशी चाललं होतं. जिवंत सवत असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या. ही तर आपल्याच कातडीत बिऱ्हाड करून बसली होती, आणि किल्ली आपणच नेऊन दिली होती.

"बदलता येईल?"

"येईल. आत्ता मेंदूतल्या या नव्या वाटा ओल्या आहेत. दिवाळीच्या आत सुरुवात करायला हवी, नंतर त्या घट्ट होतील. तुमच्या चेहऱ्याचे बारीक फोटो घेऊन नवा सराव करायचा. पण नवी वाट आम्ही शून्यातून नाही काढू शकत. रजनीताईंच्या चेहऱ्याकडे जाणारी वाटच तुमच्याकडे वळवावी लागेल. मग त्यांचा चेहरा काकांना पुन्हा दिसणार नाही. कदाचित आठवणारही नाही. म्हणून संमती त्यांचीच हवी."

शैलाबाई भाजी न घेताच घरी आल्या. शशिकांतराव चष्मा लावून दारातच उभे होते. त्यांच्या तोंडावर ते नेहमीचं हसू पसरलं आणि शैलाबाईंना ते ओरबाडून काढावंसं वाटलं.

"कोण दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"आं?"

"कोण दिसतंय म्हटलं! बायको म्हणू नका. नाव घ्या."

शशिकांतराव खांबाला धरून हळूच खाली बसले. वर्कशॉपमध्ये चोरी पकडलेल्या कामगारासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"तुला सांगणार व्हतो," ते म्हणाले. "रोज सांगणार व्हतो. पण सांगितलं की तू समोर बसायची न्हाईस. आन् तू बसली न्हाईस की ती येत न्हाई."

"मग मी कोण? तिचं सिंहासन?"

"चष्मा घातला की ती असती," ते खाली बघत म्हणाले. "काढला की तू असतीस. तुझा आवाज, तुझा हात. मला दोन्ही पायजेल हायेत शैला. लबाडी हाय, कळतंय मला."

खरं सांगायचं तर या प्रामाणिकपणानं शैलाबाई जास्तच पेटल्या. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी दिवाळीची मुदत सांगितली, वाट वळवण्याचंही सांगितलं. शशिकांतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे तिला पुन्हा एकदा पोचवायची," एवढंच ते म्हणाले, आणि हो किंवा नाही काहीच म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शैलाबाईंनी घरात मास्क लावला. धूळ-धुराच्या दिवसांसाठी आणलेलं पाकीट कपाटात होतंच. नाकतोंड झाकलं की चष्म्याला चेहरा सापडत नसे. स्वयंपाक करताना मास्क, पूजा करताना मास्क. जेवायला त्या आत, पाठ करून बसत. शशिकांतराव बिचारे चष्मा घालून या खोलीतून त्या खोलीत फिरत, आणि शैलाबाई त्यांना थोरलीचं नखसुद्धा दिसू देत नसत. टाकाला हळदीकुंकू लावायचंही त्यांनी बंद केलं. शेजारणीनं विचारलं, "काय झालं, सर्दी?" तर म्हणाल्या, "सवत झालीय."

पुण्याहून केतकीचा, सावत्र लेकीचा, फोन आला. वडिलांनी तिला सगळं सांगितलं असावं. "मावशी, रागावू नका," ती म्हणाली, "पण बाबांना आई दिसतेय तर दिसू दे ना. तुमचं काय जातंय? तुमच्याकडे तर ते आख्खे आहेत."

"माझं काय जातंय?" शैलाबाईंचा आवाज चिरकला. "केतकी, मला आजवर कुणी बघितलेलं नाही गं. या वयात एक माणूस बघायला लागला, तर तोही तुझ्या आईला. तुझ्या आईला सगळ्यांनी बघितलंय. लग्नात बघितलंय, बारशात बघितलंय, अजून भिंतीवरून बघतात. मला एका माणसानं बघितलं तर तिचं काय जातंय?"

मग केतकी म्हणाली, "बाबांशी बोलते मी." ती काय बोलली ते शैलाबाईंना कधी कळलं नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी शशिकांतराव स्वयंपाकघराच्या दारात आले. "डॉक्टरीणबाईंना हो म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "उद्या जायचंय. पण आज एकदाच मास्क काढून समोर बस. मला तिच्याशी बोलायचंय. तू बोलू नगंस. तू बोललीस की ती जाती."

कुठल्याही शहाण्या बाईनं लाटणं हाणलं असतं. शैलाबाईंच्या हातात लाटणं होतंही. पण ते हो म्हणाले होते. त्यांनी लाटणं ठेवलं, हात धुतले, खिडकीपाशी जाऊन बसल्या आणि मास्क काढला.

शशिकांतराव कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "रजे."

हे नाव शैलाबाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

"रजे, दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू मला हाक मारलीस. मी म्हटलं, थांब जरा. मी त्या मशीनकडं बघत व्हतो. आकडा वर चाललाय का खाली, ते बघत व्हतो. जन्मभर मशीनच बघितल्या, तवा बी मशीनच बघितली. वळून तुझ्याकडं बघितलं तोवर तू गेलीवतीस. तू शेवटी माझ्याकडं कशी बघत व्हतीस, ते मी बघितलंच न्हाई. आन् पुढं डोळंच गेलं. मी म्हटलं, बरोबर हाय. बघायच्या वक्ताला बघितलं न्हाई, त्याला डोळं कशाला?"

शैलाबाई दगडासारख्या बसल्या होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. दया येत होती, आणि दयेच्या बरोबरीनं हेवाही. आपण मेल्यावर हा माणूस आपल्याशी असं बोलेल का? जिवंतपणी तर कधी बोलला नाही.

"म्हणून तुला बघत बसलो," ते डोळे पुसत म्हणाले. "जे र्‍हायलं व्हतं ते बघून घेतलं. आता तू जा. ही बाई चांगली हाय. लई चांगली. तुझ्यासारखी न्हाई. तू भांडायचीस आन् मोकळी व्हायचीस, ही आतल्या आत धुमसती. पण हिच्या पायांचा आवाज आला न्हाई तर मला घर सुनं लागतं. तुझ्या येळी मला हे कळायचं न्हाई, म्हणून सांगतो. एकच हाय, आमटीत गूळ घालती. मी काय बोलत न्हाई. डोळं मिटतो आन् गिळतो."

"गूळ किती घालते मी? सुपारीएवढा!" शैलाबाई फाडकन बोलून गेल्या.

शशिकांतराव दचकले. त्यांनी डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली.

"गेली," ते म्हणाले.

शैलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. एवढी मोठी घडी आणि आपण गुळावरून तोंड उघडलं. पण शशिकांतरावांचे खांदे हलायला लागले होते. ते रडताहेत की हसताहेत ते कळेना, बहुतेक दोन्ही चाललं होतं. शैलाबाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. त्या दिवशी आमटी त्यांनी बिनगुळाची केली, आणि ती कुणालाच आवडली नाही.

नवा सराव थंडीभर चालला. आधी कितीतरी दिवस चष्मा बंद ठेवला. केंद्रात शैलाबाईंचे फोटो काढले. उजेडातले, सावलीतले, हसताना, चिडलेल्या असताना. चिडलेले मागावे लागले नाहीत. फोटो काढणाऱ्या मुलीनं विचारलं, "डाग जरा फिका करू का?" तेव्हा शैलाबाई म्हणाल्या, "त्याला हात लावलास तर बघ." आणि मग घरी येऊन त्या रात्रभर घाबरून जाग्या राहिल्या. रजनीच्या भरल्या गालांवरून उठून या माणसाची नजर आता आपल्या तोंडावर येणार. पोह्यांची बशी अर्धी टाकून उठलेली ती सगळी माणसं त्यांना ओळीनं आठवली.

संक्रांत उलटून गेली, आणि एका सकाळी खिडकीतल्या उजेडात शशिकांतरावांनी चष्मा लावला. शैलाबाई समोर बसल्या. मान खाली घालायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. ते बघत राहिले. त्यांचा ओठ थरथरला नाही, डोळे भरले नाहीत. एखादं नवं इंजिन दाखवलं तर जसे बघतील तसे ते बारकाईनं बघत होते. शैलाबाईंचा धीर सुटत चालला.

मग त्यांनी हात पुढे केला. बोट डाव्या भुवईवर टेकलं आणि निघालं. भुवईच्या कडेनं, कानशिलाच्या अलीकडून वळून, गालाच्या हाडावरच्या खाचेतून, पुन्हा नाकाकडे. हाताला न लागणाऱ्या त्या डागाच्या काठाकाठानं त्यांचं बोट कुठेही न चुकता चाललं होतं. त्या वाटेनं आजवर कुणाचं बोट गेलं नव्हतं, आईचंसुद्धा नाही.

"नकाशा हाय की हा," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, एवढासा असंल."

"वाईट दिसतो?"

"दिसतो," ते म्हणाले. "तू दिसतीस."

शैलाबाई रडल्या. अगदी मन भरून, नाक लाल होईपर्यंत रडल्या, आणि ते बघत होते म्हणून पदर तोंडावर घेतला नाही. जिंकल्या होत्या. सगळं घर जिंकल्यासारखं त्यांना वाटलं.

शशिकांतराव उठून घरभर फिरायला लागले. हे बघ, ते बघ. बैठकीच्या खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले, "शैला! तुझ्या फोटूला हार कुणी घातला गं?"

शैलाबाई धावत गेल्या. ते रजनीच्या फोटोसमोर उभे होते. बोलल्यानंतर त्यांचं त्यांनाच उमगलं असावं, कारण हात तसाच वर राहिला होता. त्यांनी चष्मा सारखा केला. फोटोच्या जवळ गेले, लांब झाले. मग डोळे मिटून उभे राहिले, कपाळाला आठ्या घालून. शैलाबाईंना ते काय शोधताहेत ते कळत होतं, आणि सापडत नाही हेही.

"गोरी व्हती," ते डोळे मिटूनच म्हणाले. "एवढं माहीत हाय. पण दिसंना. शैला, कशी व्हती गं ती?"

शैलाबाईंनी फोटोकडे पाहिलं. आता काय वाटेल ते सांगता आलं असतं. नाक फेंदारलेलं होतं म्हणून सांगितलं असतं, तर यांच्यासाठी ते कायमचं फेंदारलेलं झालं असतं. सवतीचं रूप असं आयतं मुठीत येण्याचं भाग्य कुणाला मिळतं? आणि दुसरं असं, की धूळ पुसता पुसता, दात-ओठ खात, तिच्याकडे इतकी वर्षं रोज निरखून बघणारं या घरात शैलाबाईंशिवाय कुणी नव्हतं. तिची पापणीसुद्धा त्यांना पाठ होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगते. सगळं सांगते."

शशिकांतराव खुर्चीत बसले. नीट ऐकायला म्हणून त्यांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि मान मागे टेकून डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर एक निवांत, ओढ लागलेला भाव आला. तो बघितला मात्र, आणि शैलाबाईंच्या मस्तकात पुन्हा तिडीक गेली.

"चष्मा घाला आधी," त्या म्हणाल्या. "तिचं ऐकायचंय ना? माझ्याकडे बघत ऐका."